पाटकऱ्यानं पाहिलेला समुद्र

मी पाटकऱ्याचा मुलगा आणि मला पाण्याची भीती वाटते. हे सांगितलं की आमच्या इंदापूरकडची माणसं आधी हसतात, मग खरंच का म्हणून विचारतात. पाटकरी म्हणजे कालव्याच्या फाट्यांची दारं उघडणारा आणि बंद करणारा माणूस. कुणाच्या उसाला पाणी कधी मिळणार हे त्याला ठाऊक असतं, आणि म्हणून गावातले बागायतदारसुद्धा त्याला वाटेत थांबवून चहा पाजतात. अशा माणसाच्या पोटी जन्माला येऊन मी कालव्याच्या पुलावर उभा राहून दुसऱ्यांचे कपडे सांभाळायचो. गावातली सगळी पोरं पुलावरून धडाधड उड्या टाकत. मी वर, हातात नऊ-दहा सदरे. राखणदार म्हणून माझ्याइतका खात्रीचा दुसरा कुणी नव्हता, कारण मी पाण्यात उतरण्याचा प्रश्नच नव्हता.

याला कारण तात्याच. तात्या म्हणजे माझे वडील.

कालव्याला पाणी बारा महिने नसतं. आवर्तन असतं. वरून, धरणातून पाणी सुटतं, काही दिवस वाहतं आणि बंद होतं. मग फाटा कोरडा ठणठणीत पडतो. पुन्हा पाणी सुटल्याचा निरोप आला की तात्या काठी घेऊन त्या कोरड्या फाट्यात उतरायचे आणि येणाऱ्या पाण्याच्या पुढं पुढं चालायचे. कुठं काटेरी फांदी पडलेली, कुठं कुणी चोरून मातीचा बांध घातलेला, ते सगळं मोकळं करत. त्यांच्या मागून पाणी यायचं. त्याच्या पुढच्या कडेला तात्या पाण्याचं तोंड म्हणायचे. पालापाचोळा, फेस, जीव वाचवत पळणारे विंचू, असं सगळं ढकलत ते तोंड सरसर आवाज करत यायचं.

एकदा त्यांनी मला बरोबर नेलं. मी पहिली-दुसरीत असेन. दोन्ही बाजूंना माझ्या डोक्याच्या वर गेलेले भराव, पुढं तात्यांची पाठ आणि मागं ते तोंड. तात्यांनी एकदाही मागं पाहिलं नाही. मी पुढं पाहिलं नाही.

"पळायचं न्हाय," तात्या म्हणाले. "पाणी माणसाच्या चालीनं येतं. आपुन चालत ऱ्हायलं की ते मागंच ऱ्हातं."

पाणी मागंच राहिलं हे खरं. पण माझी चड्डी त्याच्या आधीच ओली झाली होती.

तर ही एकोणीसशे नव्वदनंतरची गोष्ट. मी तोवर बारामतीला एका दवाखान्यात औषधं देण्याच्या खिडकीमागं बसत होतो. लोकांना धीर देण्याचं काम मला छान जमायचं. तात्या पाटबंधारे खात्यातून रिटायर झाले आणि घरात येरझारा घालू लागले. त्यांनी आयुष्यात एकच सहल मागितली. महाडचं चवदार तळं बघायचं, आणि तितनं जवळच हाय म्हणतात तर समुद्र.

"समुद्र कशाला?" मी लगेच विचारलं.

"यवढं पाणी सोडलं जन्मभर. पाणी गोळा झाल्यावर कसं दिसतं ते तरी बघू दे की."

"पण आपलं पाणी तिकडं जात नाही, तात्या."

"ते तू मला सांगतो व्हय? आपली नीरा नरसिंहपूरला भीमेत जाती आन् तितनं उगवतीला. ठावं हाय. मी दुसऱ्याचं पाणी बघाया चाललोय."

भाड्याची जीप ठरली. तात्या, आई, माझी बायको, सहा वर्षांची लेक आणि मी. वरंध्याच्या घाटात मी डोळे मिटून बसलो. बायकोनं लेकीला सांगितलं, "बाबा झोपलेत, त्यांना उठवू नको." लेक म्हणाली, "झोपलेत तर पुढचा दांडा का धरलाय?"

महाडला मात्र कुणी थट्टा केली नाही. तात्या तळ्याच्या पायऱ्या उतरले, चप्पल बाजूला ठेवली, ओंजळ भरली आणि पाणी प्यायले. मग बराच वेळ ओला हात तसाच धरून बसले. आमच्या गावात त्यांच्या वडलांना आडावर चढता येत नव्हतं. वरून कुणी ओतलं तर प्यायचं. त्याच गावाच्या अख्ख्या शिवाराला पुढं तात्या पाणी सोडत. त्यामुळं पाण्याच्या बाबतीत तात्यांचं चुकत नाही, ही आमच्या घरात नुसती समजूत नव्हती. त्यावर आमचं घर उभं होतं. आईनं बाटली भरून घेतली. पुढचं सगळं सांगण्याआधी तात्यांचं हे सांगितलेलं बरं.

तिथून रोह्यावरून आम्ही रेवदंड्याला आलो. नारळी-पोफळीच्या बागांतून फिरताना मधेच काळी तटबंदी उभी राहायची, तिच्यात झाडांची मुळं घुसलेली, कुठं गंजलेला तोफगोळा. चौलला एका बागायतवाल्यानं सांगितलं, हे केवढं मोठं बंदर होतं, कुठनं कुठनं गलबतं लागायची, लढाया किती झाल्या. तात्यांनी चहूकडं पाहिलं. नारळ आणि विहिरीवरचा रहाट.

"मग बंदर गेलं कुठं?"

"गाळ भरला," तो म्हणाला.

तात्यांनी अशी मान हलवली की जणू तक्रार त्यांच्याच टेबलावर आली होती. "चारीतला गाळ येळंवर काढला न्हाय की आसंच हुतं."

समुद्र म्हणजे थोडा मोठा कालवा आहे, हे त्यांचं तिथंच पक्कं झालं असावं.

अलिबागला पोचलो तेव्हा संध्याकाळ होती. समुद्र किनाऱ्याच्या बांधापाशी येऊन धडका देत होता. माझ्या कानात कालव्यातलं ते तोंड पुन्हा सरसरलं. मी कपडे सांभाळायच्या जुन्या कामावर हजर झालो, सगळ्यांच्या चपला घेऊन मागं उभा राहिलो. पाण्यात, जरा आत, कुलाबा किल्ला काळा दिसत होता. त्याच्या चारी बाजूंना पाणी.

"हितं माणसं ऱ्हायची?" आईनं विचारलं.

"ऱ्हायची आन् लढायची बी," तात्या म्हणाले.

"बायकापोरं घिऊन?" आई म्हणाली आणि तिनं पदर घट्ट केला.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर जाऊन पाहतो तर समुद्र गेलेला. जिथं काल लाटा होत्या तिथं ओली वाळू, खडक, डबकी. माणसं चालत किल्ल्याकडं निघाली होती. तात्यांचा चेहरा असा खुलला, जसा फाट्याचं बिघडलेलं दार पहिल्या झटक्यात बसल्यावर खुलायचा.

"बघ. रात्री चालू हुतं, आता वरनं बंद केलंय."

"कुणी बंद केलं?" आई म्हणाली.

"आसंल कुणीतरी आमच्यावानी."

"तात्या, ही ओहोटी आहे," मी म्हणालो. "भरती परत येते."

"येती की. पाणी हाय म्हंजी येणारच. पर आल्यावर दिसंल का न्हाय?"

आईनं समुद्रात पाऊल टाकायला साफ नकार दिला. बायको तिच्यापाशी थांबली. खरं तर थांबण्यासाठी माझंच नाव सगळ्यात पुढं असायला हवं होतं, पण लेक आजोबांचं बोट धरून निघाली होती आणि बायको माझ्याकडं बघत होती. मी निघालो.

जाताना काही विशेष झालं नाही. घोट्याएवढं पाणी, शेवाळलेले दगड, पायाखाली शिंपल्यांचा कच्चकन आवाज. तरी मी प्रत्येक पावलाला मागं बघत होतो. किनारा आहे ना, आई आणि बायको आहेत ना. तात्या पुढं, धोतर खोचून, काठी टेकत. ती काठी त्यांच्या नोकरीतली. तिनं त्यांनी जन्मभर पाण्याची खोली पाहिलेली. मागं वळून बघायची त्यांना गरज नव्हती.

किल्ल्यात लेक तोफेपाशी रमली. चाकांवरची तोफ, तोंड दर्याकडं. ती तोफेत डोकं घालून हाका मारत होती आणि आतून येणाऱ्या आवाजाला उत्तरं देत होती. तात्यांना मात्र गोड्या पाण्याची विहीर सापडली. चारी बाजूंनी खारं आणि मधे गोडं! त्यांनी पाणी चाखलं, परत चाखलं, आत वाकून झरा कुठल्या अंगानं आहे ते शोधलं. मग बाहेर येऊन तटावरून समुद्र पाहिला. मग पुन्हा विहीर. त्यांना त्या कोड्यातून उठवावं असं मलाही वाटेना. भीती नसती तर मीही म्हणालो असतो की बसू द्या.

पण माणसं कमी होत चालली होती. आमच्या मागून आलेले एक-दोन कंपू परत गेले. खडकांना चिकटलेली कालवं, म्हणजे खायचे शिंपले, काढणारी एक बाई टोपली डोक्यावर घेऊन दरवाजापाशी आली. "ओ बाबा, निघा आता. भरती लागली," ती म्हणाली आणि घाईनं किनाऱ्याकडं चालू लागली.

"तात्या, चला."

"थांब जरा. मी बघतोय की." ते दरवाजाच्या पायरीवर उभे राहून किनाऱ्यापर्यंतची वाट न्याहाळत होते. "तोंड कुठं दिसतंय का? फेस न्हाय, आवाज न्हाय. तोंड दिसल्यावर निघालो तरी पुढंच ऱ्हाऊ."

त्यांचं पाण्याच्या बाबतीत चुकत नाही. मी थांबलो. लेकीची चप्पल तोफेखाली राहिली होती ती शोधली. तिला पुन्हा एकदा तोफेत हाक मारायची होती, ती मारू दिली. मग निघालो.

पायऱ्या उतरलो तेव्हा पाणी पोटरीला होतं. मी लेकीला खांद्यावर घेतलं. तात्या पुढं झाले. येताना पाहिलेले खडक मी खुणेसाठी लक्षात ठेवले होते. ते आता दिसत नव्हते. पाणी गुडघ्याला आलं. त्याला वेग होता, पण कालव्यातल्यासारखा एका दिशेचा नव्हता. डावीकडून ढकलायचं, उजवीकडून ओढायचं. आमच्या आधी निघालेली ती कालवंवाली पार पलीकडं, किनाऱ्याजवळ, ठिपक्याएवढी दिसत होती.

आणि तात्या थांबले.

मी कधीही, कुठल्याही पाण्यात तात्यांना थांबलेलं पाहिलं नव्हतं. त्यांनी डावीकडं पाहिलं. उजवीकडं पाहिलं. मग त्यांनी मागं पाहिलं, जे त्यांनी कधी केलं नव्हतं.

"हे येतंय कुठनं?" ते म्हणाले.

ते मला विचारत नव्हते. पण विचारायला तिथं दुसरं कुणी नव्हतं.

"याला तोंडच न्हाय," तात्या म्हणाले. "सगळीकडनंच आलंय."

पाय वाळूत रुतल्यासारखे झाले. खरंच रुतले होते की मीच उचलत नव्हतो, सांगता येणार नाही. लेकीनं माझे दोन्ही कान गच्च धरले होते.

तात्यांनी पुढं काठी टाकली. कालव्यात टाकायचे तशी, खोली बघायला. काठी गेली आणि जातच राहिली. मुठीपर्यंत पाण्यात गेली, तिला ओढ बसली आणि ती हातातून सुटली. आडवी होऊन तरंगली, एकदा आमच्याकडं वळली आणि निघून गेली. तात्या तिच्याकडं नुसते बघत राहिले.

मग ते म्हणाले, "चल. थोडंच उरलंय. तिकडं बाया वाट बघाय लागल्यात."

"न्हाय," मी म्हणालो.

वडलांना न्हाय म्हणण्याची आमच्या घरात पद्धत नव्हती. आणि मला कुणी शूर समजू नये म्हणून लिहून ठेवतो, त्यात विचार असा काहीच नव्हता. मी सगळी वाट मागं बघत चालणारा माणूस. किल्ल्याची पायरी मागं किती जवळ आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. पुढचा किनारा किती लांब आहे हे बघायची माझी छातीच झाली नव्हती.

"मागं फिरू, तात्या."

"आरं, मागं जाऊन अडकू तितंच."

"अडकू. कोरडे अडकू."

ते हलेनात. त्यांची नजर काठी गेली त्या बाजूला होती. मी त्यांचं मनगट धरलं. ते इतकं गार आणि इतकं हलकं होतं की माझी भीती एकदम दुसरीच झाली. मघापर्यंत मी बुडेन म्हणून भीत होतो. आता हातातलं हे मनगट सुटलं तर, खांद्यावरचा हा जीव घसरला तर. दोन हात होते आणि एकानं लेकीचे पाय धरलेले. मी ओढलं. तात्या लहान मुलासारखे वळले आणि माझ्या मागून आले.

ते अंतर फार नव्हतं. पण पाणी मांडीला आणि मग कमरेला लागलं. एकदा तात्यांचा पाय शेवाळावरून सटकला. ते गुडघ्यावर गेले, छातीपर्यंत भिजले, आणि मी ओरडलो. काय ओरडलो ते लेक अजून सगळ्यांना सांगते. मी म्हणे ओरडलो, "पळायचं न्हाय!" पळण्याची ताकद कुणात होती? पायरी लागली तेव्हा मी तिच्यावर बसलो नाही, आडवाच झालो. लेक माझ्या पोटावर बसून म्हणाली, "बाबा, माझी एक चप्पल गेली."

आम्ही दरवाजाच्या आत, तटाच्या सावलीत बसलो. समोरची वाट बघता बघता नाहीशी झाली. जिथं तात्यांनी काठी टाकली होती तिथून एक लाट सरळ चालत आली आणि पायरीवर फुटली. तात्या भिजलेल्या धोतराचा सोगा पिळत होते. पिळून झालेला तोच सोगा पुन्हा पिळत होते. मला त्यांच्याकडं बघवेना. पलीकडं किनाऱ्यावर आईचं हिरवं लुगडं एवढंसं दिसत होतं. आम्ही मधे थांबलेलो त्यांनी पाहिलं असणार. पण मागं वळून दरवाजात शिरलेलो दिसलं असेल का? मी माझा सदरा काढला आणि तटावर चढून हलवू लागलो. जन्मभर सदरे सांभाळले, त्याचा एवढाच उपयोग. हिरवं लुगडं हललं नाही. मग एक पिवळा ठिपका त्याच्यापासून सुटला आणि किनाऱ्यावरून धावत होड्यांकडं गेला. ती माझी बायको.

दुपार कलताना होडी आली. होडीवाला किल्ल्याच्या दगडांपाशी ती डोलवत उभा राहिला आणि म्हणाला, "या, बसा. आता पानी चांगलं भरलंय, भ्यायचं काय नाय." त्याच्या लेखी पाणी भरलं की भीती संपते. प्रत्येकाच्या पाण्याचं शास्त्र वेगळं. मी होडीत बसलो नाही, तळाशी लोळलो, दोन्ही हातांनी फळी धरून. लेक काठावर टेकून हात पाण्यात घालत होती. मी डोळे मिटूनच तिच्या फ्रॉकचं टोक धरून ठेवलं होतं. थोड्या वेळानं माझ्या पाठीवर कुणाचा तरी हात आला. मला वाटलं तात्या मला धीर देतायत. डोळे उघडून पाहिलं तर त्यांचेही डोळे मिटलेले होते.

वाळूवर उतरल्यावर आईनं आधी लेकीला उचललं, तिचे पाय पदरानं पुसले. मग तात्यांसमोर उभी राहिली.

"काठी कुठाय?"

"गेली."

"काठी गेली. आन् पोर गेली आसती तर?" आईचा आवाज फुटला. "सगळ्या गावाला पाण्याचं सांगता. जन्मभर सांगितलं. माज्या नातीला घिऊन तितं काय बघत बसला हुता?"

तात्यांनी मान खाली घातली. आम्ही सगळे त्यांच्याकडं बघत होतो आणि तेही आम्हाला बरं वाटत नव्हतं.

"हे पाणी आमच्या खात्याचं न्हवं," ते हळू म्हणाले.

बायकोला हसू आलं, मग रडू आलं, मग दोन्ही एकदम. तिनं मला कोपरानं ढोसलं. "आणि तुम्ही हो? तिथं मधे थांबून गप्पा काय मारत होता? इथं आमचा जीव जात होता." मी सांगितलं की मागं फिरायचं मी ठरवलं. ती म्हणाली, "ते मला लांबूनच कळलं. भ्यायलेला माणूस लांबून ओळखू येतो." पण जीपमध्ये ती सगळ्या वाटेनं माझा हात धरून बसली. आईनं महाडची बाटली काढली आणि सगळ्यांना घोट घोट दिला. तात्यांनी त्यांचा घोट लेकीला दिला.

त्या हिवाळ्यात आम्ही इंदापूरकडं गावी गेलो असताना फाट्याला पाणी सुटायचं होतं. नवीन पाटकरी पोरगेला होता, तात्यांना विचारायला घरी यायचा. सकाळी लेकीनं हट्ट धरला, मला पाण्याच्या पुढं चालायचंय. ही गोष्ट तिला कुणी सांगितली ते वेगळं सांगायला नको. तात्यांनी कोपऱ्यातली नवी काठी घेतली, तिचं बोट धरलं आणि निघाले. मी मागोमाग. न जाऊन करतो काय?

फाटा कोरडा होता. लेक भरावावरून खाली उतरायला निघाली. तात्यांनी तिचं बोट सोडलं नाही.

"वरनंच चालू," ते म्हणाले.

"पण आजोबा, तुम्ही खालनं चालायचा ना?"

"वरनं बी दिसतं."

लांबून सरसर आवाज आला. पालापाचोळा ढकलत, फेस उडवत पाण्याचं तोंड वळणावर दिसलं. ते येत होतं माणसाच्याच चालीनं. ते आमच्यापर्यंत आलं, खालून आमच्या बरोबरीनं चालू लागलं. लेक टाळ्या पिटत होती. मी भरावाच्या पलीकडच्या कडेला, उसाच्या अंगानं, जमेल तितका लांब चाललो होतो.

तात्या थोडं चालले की मान वळवत होते. पाण्याकडं नाही. मी मागं आहे ना, तेवढं बघायला.